बद्द वाजणारी संख्या

मडकं विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून बघतो. आवाज खणखणीत आला तर मडकं चांगलं. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही लागत नाही, पण आहे हे नक्की. मोठ्या संख्यांच्या बाबतीत अगदी असंच घडतं. एखादी संख्या लहान संख्यांच्या गुणाकारात फुटते हे ठामपणे सिद्ध करता येतं, आणि तरीही ती नेमकी कुठे फुटते हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. ९१ ही संयुक्त संख्या का, तर ती ७ × १३ आहे म्हणून, असं आपण शाळेत शिकतो. अवयव दाखवले की संख्या संयुक्त ठरली. अवयव हातात नसताना ती संयुक्त आहे असं कशाच्या जोरावर म्हणायचं? याचं उत्तर एका खऱ्या संख्येच्या गोष्टीत आहे. गणिताच्या इतिहासात ती संख्या २७ वर्षं बद्द वाजत राहिली.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं. राजाची कोठारं रिकामी होतात, दाणे काही पुरत नाहीत. सगळे मिळून दाणे होतात २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. गोष्ट इथे थांबते. आपण पटाला आणखी तीन घरं जोडू आणि तो सदुसष्ट घरांचा करू. आता दाणे होतील २ चा ६७ वा घात वजा १:

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

एकवीस अंक. आपल्याकडच्या जुन्या संख्यानामांत शेवटचं नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या मापानं ही संख्या साधारण १४७६ परार्ध भरते. पुढे सोयीसाठी हिला म६७ म्हणू. 'म' हा मर्सेन यांचा. मारँ मर्सेन हे सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या कधी मिळते, याची एक यादी त्यांनी १६४४ साली छापली. २५७ पर्यंतचे कोणते घात चालतात ते त्यात होतं: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. पुरावा दिलेला नव्हता. तरी पुढची दोनशेहून जास्त वर्षं ही यादी प्रमाण मानली गेली, आणि त्या यादीनुसार म६७ ही मूळ संख्या होती.

आधी हे बघू की चौसष्ट घरांचा पट इतक्या सहज का फुटतो. ९९९९ ही संख्या घ्या. चार नऊ दोन-दोनच्या गटांत बसतात, म्हणून ९९९९ = ९९ × १०१. संगणकाच्या द्विमान पद्धतीत २ चा ६४ वा घात वजा १ म्हणजे ओळीनं ६४ वेळा १. ते बत्तीस-बत्तीसच्या गटांत बसतात, ते बत्तीस पुन्हा सोळा-सोळाच्या, असं करत पूर्ण संख्या सुटी होते: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. यातले ६४१ आणि ६७००४१७ हे दोन तुकडे तेवढे गटांच्या युक्तीनं सुटत नाहीत. त्यांचा गुणाकार ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे असं सतराव्या शतकातल्या खुद्द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. १७३२ साली गणितज्ञ ऑयलर यांनी त्यातून ६४१ काढून दाखवला.

सदुसष्ट घरांची गोष्ट वेगळी. ६७ ही स्वतःच मूळ संख्या. ६७ एकांचे सारखे गट पडत नाहीत, त्यामुळे ही युक्ती दारातच अडते. पण गट पडत नाहीत म्हणून संख्या फुटणारच नाही असंही नाही. ११ घरांचा पट घ्या. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. अकराचेही गट पडत नाहीत, तरी २०४७ = २३ × ८९. ही छोटी संख्या लक्षात ठेवा. म६७ मध्ये जे जे घडतं ते सगळं हिच्यात लहान आकारात बघायला मिळतं, आणि ते आपल्या हातानं करता येतं.

म६७ कडे बघून शाळेतल्या कसोट्या लावू. शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १०९, म्हणजे ३ बाद. ११ ची कसोटी, एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक, इथे १७ येतो, म्हणजे ११ ही बाद. पुढे ७, १३, १७, १९ असं भागत बसायचं का? इथे एक फार देखणी गोष्ट मदतीला येते. या संख्येला वाटेल ती मूळ संख्या भागू शकतच नाही. तिचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या कुठल्या तरी पटीपेक्षा १ नं मोठा असावाच लागतो.

का, ते २०४७ वर दिसतं. बारा तासांच्या घड्याळाऐवजी २३ तासांचं घड्याळ घ्या. १ पासून सुरुवात करून दर वेळी दुप्पट करा, आणि २३ च्या वर गेलं की २३ वजा करा. १, २, ४, ८, १६, मग ३२ मधून २३ गेले ९, पुढे १८, १३, ३, ६, १२, आणि मग २४ म्हणजे पुन्हा १. बरोबर अकरा पावलांत काटा घरी परतला. परतणारच होता, कारण २३ नं २०४७ ला नि:शेष भाग जातो, म्हणजेच २ च्या ११ व्या घाताला २३ नं भागलं की बाकी १ उरते. आता या फेरीत न आलेला एखादा तास घ्या, समजा ५. तोही दुप्पट करत न्या: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि पुन्हा ५. पुन्हा अकरा. शून्य सोडून घड्याळावर २२ तास आहेत आणि ते अकरा-अकराच्या दोन फेऱ्यांत पुरते वाटले गेले. एकही उरला नाही, एकही दोनदा आला नाही.

हे २३ पुरतं नाही. २०४७ ला भागणारी कुठलीही मूळ संख्या घेतली तरी तिच्या घड्याळावरचे तास अकरा-अकराच्या फेऱ्यांत वाटले जाणारच. ८९ घ्या: ८८ तास, आठ फेऱ्या. म६७ च्या बाबतीत फेरी सदुसष्टची. म्हणजे अवयवातून १ वजा केला की ६७ नं भाग गेलाच पाहिजे. अवयव विषम आहे, त्यामुळे वजा करून आलेली संख्या सम. म्हणून १३४. आणखी एक चाळणीही आहे: या अवयवाला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च येते. ती का येते ते सांगायला वर्गशेषांचा, म्हणजे वर्गांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा, सिद्धांत लागतो, तो इथे सोडून देतो.

इतक्या चाळण्या असूनही म६७ चा अवयव शेकडो वर्षं कुणाला मिळाला नव्हता. आणि १८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं टिचकी मारली. हॅनोईच्या मनोऱ्याचं कोडं ज्यांना माहीत आहे त्यांना ल्यूका ओळखीचे वाटतील. तीन खांब आणि चकत्यांचं ते कोडं त्यांचंच. ते सोडवायला कमीत कमी जितक्या चाली लागतात तो आकडाही नेमका याच जातीचा: ६७ चकत्या असतील तर म६७ चाली.

ल्यूका यांच्या कसोटीला पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या लेहमर यांनी सुटसुटीत रूप दिलं. ती इतकी सोपी आहे की सातवीतला मुलगासुद्धा चालवू शकेल. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा पुन्हा. घातापेक्षा दोननं कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त.

आधी १२७ वर करू, म्हणजे घात ७, पायऱ्या पाच. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, त्यातून १२७ गेले, बाकी ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. १११ वरून १२३१९, आणि हे बरोबर १२७ × ९७. बाकी शून्य. १२७ मूळ आहे. पहिल्यांदा ही शेवटची शून्य बाकी वहीवर उमटली तेव्हा मी पेन खाली ठेवून बराच वेळ तिच्याकडे नुसतं बघत बसलो होतो. १२७ ला एकाही लहान मूळ संख्येनं भागून पाहिलेलं नव्हतं, तरी उत्तर आलं होतं.

आता २०४७. घात ११, पायऱ्या नऊ. ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य नाही. म्हणजे २०४७ संयुक्त आहे, यात तसूभरही शंका उरली नाही. पण या १७३६ कडे कितीही निरखून पाहा, त्यात २३ कुठे दिसतो? ८९ कुठे दिसतो? नाहीच दिसत. मडकं बद्द वाजलं, तडा मात्र सापडलेला नाही.

ही कसोटी चालते कशी, हे पूर्ण सांगायचं तर मोठं प्रकरण होईल. गाभा एवढाच: मूळ संख्यांच्या घड्याळावर काही नियम कधीच मोडत नाहीत. सर्वात प्रसिद्ध नियम फर्मांचा आहे. मूळ संख्येनं भाग जात नसेल अशी कुठलीही संख्या घ्या, तिचा त्या मूळ संख्येपेक्षा एकनं कमी इतका घात करा, त्या मूळ संख्येनं भागल्यावर बाकी १ च येते. एखाद्या संख्येवर हा नियम एकदा जरी मोडला, तरी ती मूळ नाही. नियम मोडला हाच पुरावा, त्यासाठी अवयव शोधायची गरज नाही. गंमत अशी की म६७ च्या जातीच्या संख्यांवर हा नियम २ घेऊन तपासला तर तो कधीच मोडत नाही, संख्या संयुक्त असली तरीही. दुप्पट करत जाण्यातूनच जन्मलेली संख्या असल्यामुळे २ हा साक्षीदार तिच्याच बाजूनं बोलतो. म्हणून ३ सारखा परका साक्षीदार आणावा लागतो किंवा ल्यूका यांची वेगळी वाट धरावी लागते.

ल्यूका यांनी मर्सेनच्या यादीतली १२७ ची संख्या मूळ असल्याचं १८७६ सालीच दाखवलं. ती ३९ अंकी आहे. म६७ च्या बाबतीत निकाल उलटा आला: संयुक्त. यादी चुकली होती. पुढे २५७ हाही चुकीचा निघाला. शिवाय ६१, ८९ आणि १०७ हे तीन घात यादीतून सुटले होते. ६१ चा शोध १८८३ साली पेर्वुशिन या रशियन पाद्र्यानं लावला. म्हणजे पटाला ६१ घरं असती तर दाण्यांची संख्या मूळ आली असती, ६४ घरांवर ती सहज सात तुकडे होते, आणि ६७ वर येऊन ती अशी अडून बसते.

१८७६ पासून पुढची २७ वर्षं म६७ विषयी माहिती होती ती एवढीच: ही फुटते, कुठे ते ठाऊक नाही.

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचा निबंध मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी होता. गणितज्ञ एरिक टेंपल बेल यांनी पुढे लिहून ठेवलेला प्रसंग असा: कोल फळ्याजवळ गेले, एक शब्दही न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात काढला आणि १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात गेले आणि लांबलचक गुणाकार मांडला:

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले, आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. हे शोधायला किती वेळ लागला असं बेल यांनी पुढे विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. बेल यांनी हे बऱ्याच वर्षांनी लिहिलं, त्यामुळे प्रसंगात थोडा रंग भरला गेला असेलही. गुणाकार मात्र सोळा आणे खरा आहे, आणि तो कुणालाही तपासता येतो.

मी तो चौकटीच्या वहीवर तपासला. एका घरात एक अंक. खालच्या संख्येत एक शून्य आहे, म्हणून ओळी आठ पडतात, नऊ नाही. पहिल्या खेपेला मधला एक अंक जुळेना; एका ओळीत हातचा घ्यायचा राहिला होता. दुसऱ्या खेपेला एकवीसच्या एकवीस अंक जुळले. मग नवांची कसोटीही लावून पाहिली. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. गुणाकाराची १०९, म्हणजे १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. आणि १३४ ची अट? १९३७०७७२१ मधून १ वजा करा: १३४ × १४४५५८०. दुसऱ्यातून १ वजा करा: १३४ × ५६८५३६०१२९. ८ नं भागलं तर पहिल्याची बाकी १, दुसऱ्याची ७. घड्याळानं आधीच सांगून ठेवलं होतं, तसंच.

हे तपासायला एक दुपार पुरली. शोधायला तीन वर्षांचे रविवार. या फरकाचा हिशोब नीट मांडला म्हणजे कोल यांच्या कामाची उंची कळते. लहान अवयव १९ कोटींच्या वर आहे. त्याच्यापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत जायचं तर एक कोटीहून जास्त भागाकार. १३४ ची आणि ८ ची अशा दोन्ही चाळण्या लावल्या तर सव्वासात लाखांच्या आत उमेदवार उरतात. त्यातल्या फक्त मूळ संख्या ठेवल्या तर अंदाजे ऐंशी हजार. दर रविवारी एकवीस अंकी संख्येला नऊ अंकांपर्यंतच्या संख्येनं शंभर वेळा भागायचं ठरवलं तरी आठशे रविवार, म्हणजे पंधरा वर्षं. तीन वर्षांचे रविवार होतात दीडशेच्या आसपास. म्हणजे कोल नुसते भागत बसले नव्हते. वर्गशेषांचा उपयोग करून त्यांनी उमेदवारांवर आणखी अटी लादल्या, चाळणी बारीक करत नेली, आणि उरलेल्यांनाच हात घातला.

अवयव पाडण्याची आपल्याकडची एक जुनी रीतही इथे घालून पाहण्यासारखी आहे. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त ती येते. युरोपात तीच फर्मांच्या नावानं ओळखली जाते, आणि फर्मा जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचे. रीत अशी: दिलेल्या संख्येहून मोठा असा जवळचा वर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, उरलेली संख्याही वर्ग आहे का बघा. नसेल तर पुढचा वर्ग. २०४७ साठी ४६ पासून सुरुवात होते. ४६ चा वर्ग २११६, उरले ६९, वर्ग नाही. ४७ वर १६२ उरतात, नाही. असं करत ५६ वर आलात की ३१३६ वजा २०४७ म्हणजे १०८९, आणि १०८९ हा ३३ चा वर्ग. झालं. ५६ वजा ३३ म्हणजे २३, ५६ अधिक ३३ म्हणजे ८९. अकरा पायऱ्यांत दोन्ही अवयव हातात.

दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत विलक्षण वेगानं चालते. म६७ चे अवयव मात्र फार दूर-दूर आहेत. मोठा लहानाच्या जवळजवळ चार हजार पट. मी हिशोब केला तर नारायण पंडितांच्या रीतीनं इथे जवळजवळ ३७ हजार कोटी पायऱ्या चढाव्या लागतात. रीत तीच, संख्येचा स्वभाव वेगळा. मोठ्या संख्येला हात घालण्याआधी तिचे अवयव जवळ आहेत की दूर, हे कळलं असतं तर किती बरं झालं असतं! पण ते कळणं म्हणजे अर्धं उत्तरच कळणं.

१९७५ साली जॉन पोलार्ड यांनी सुचवलेल्या रीतीनं मात्र म६७ लवकर हाती येते. एका खोलीत २३ माणसं असली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, या गोष्टीवर ती रीत उभी आहे. संख्या एका ठरावीक सूत्रानं पुढे सरकवत न्यायची आणि अवयवाच्या घड्याळावर त्यातल्या दोन एकाच तासावर कधी येतात याची वाट बघायची. अवयव माहीत नसताना हे कसं ओळखायचं? त्या दोघींच्या वजाबाकीचा आणि जिचे अवयव पाडायचे त्या संख्येचा मसावि काढून. १९ कोटींच्या अवयवासाठी पायऱ्या लागतात त्याच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे चौदा हजारांच्या आसपास. आजचा साधा संगणक हे क्षणात करतो.

म्हणून आजच्या कोड्यांची संख्या एकवीस अंकी नसते. रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली संदेश गुप्त ठेवण्याची जी पद्धत काढली, ती याच दरीवर उभी आहे: गुणाकार सोपा, उलटा प्रवास अवघड. त्याच वर्षी त्यांनी १२९ अंकी एक संयुक्त संख्या आव्हान म्हणून जाहीर केली. ती एप्रिल १९९४ मध्ये फुटली, आणि त्यासाठी इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपले संगणक कामाला लावले होते. याच मालिकेतली २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली. ते काम एकाच संगणक-गाभ्यावर टाकलं असतं तर साधारण २७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकी संख्या अजून शाबूत आहे. आपण आंतरजालावर पाठवलेल्या कितीतरी गोष्टींची कुलुपं त्याच मापाच्या संख्यांची आहेत.

टिचकीचं काम मात्र दिवसेंदिवस सोपं होत गेलं. संख्या कुठल्याही जातीची असो, ती मूळ आहे की संयुक्त हे खात्रीनं आणि वाजवी वेळात सांगणारी कसोटी ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. त्यातले कयाल आणि सक्सेना नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले होते. वाजवी वेळात, म्हणजे संख्येचे अंक वाढले तरी काम आटोक्यात राहील अशा बेतानं. साध्या संगणकांवर अवयव पाडण्यासाठी अशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

त्यामुळे बद्द वाजणाऱ्या संख्यांची रांग आजही मोठी आहे. फर्मांच्या मालिकेतली एक संख्या, २ चा १६७७७२१६ वा घात अधिक १, पन्नास लाखांहून जास्त अंकांची आहे. ती संयुक्त आहे हे १९९९ साली सिद्ध झालं, तिचा एकही अवयव आजवर मिळालेला नाही. पण मला तिच्यापेक्षा जवळची वाटते ती म६७ च्याच घराण्यातली एक संख्या: २ चा १२७७ वा घात वजा १. अंक अवघे ३८५. वहीच्या एका पानावर मावतील. ल्यूका यांची टिचकी तिच्यावर केव्हाच मारून झाली आहे आणि आवाज बद्द आलेला आहे. या घराण्यातल्या, अजून एकही अवयव न मिळालेल्या संयुक्त संख्यांपैकी ही सर्वात लहान. जगभरातले लोक आपापले संगणक लावून तिच्यातला तडा शोधत आहेत. तो सापडेल तेव्हा त्या अवयवातून १ वजा करून बघा, २५५४ नं भाग जाईल.